नऊशे झाडांची बाग

आमच्या शाळेत आठवी 'अ' आणि आठवी 'ब' हे दोन वर्ग म्हणजे मुळात एकच हॉल. मधे लाकडी फळ्यांचं पार्टिशन ठोकून त्याचे दोन केलेले. एका बाजूला मी बीजगणित शिकवायचो आणि दुसऱ्या बाजूला, नेमक्या त्याच तासाला, इतिहासाचे सर. माझा आवाज बेताचा. त्यांनी स्वतःच्या बगिच्यातली माकडं हाकलून आवाज कमावलेला. परिणाम असा की माझ्या वर्गाचा इतिहास पक्का होता आणि गणिताच्या निकालावरून हेडसर दरवर्षी मलाच बोलावून घ्यायचे.

सर रोहण्याचे. तिथं त्यांची संत्र्याची बाग होती, आणि ते रोज सायकलनं शाळेत येत. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. हिवाळ्यात दुसऱ्या खिशात संत्र्याच्या साली, कशासाठी ते मी कधी विचारलं नाही. गावात त्यांना सगळे 'बगिचावाले सर' म्हणत. त्यांना ते आवडायचं. इतिहास हा त्यांचा विषय होता, पण जगातली कुठलीही गोष्ट ते आधी बगिच्यात नेऊन बघत. दिल्लीचं सरकार पडलं तर म्हणायचे, "फळगळ हाये ही. पानी कमी पडलं." आणि पुढं चालू लागायचे.

पुस्तकात जालियनवाला बागेला फार तर दीड परिच्छेद होता. सरांना तो तीन तास पुरायचा. पहिला तास नुसता लागवडीत जायचा.

"पोट्टेहो, बाग म्हंजे काय?"

"बगिचा, सर!"

"कायचा?"

"संत्र्याचा, सर!"

यात मुलांची काही चूक नव्हती. आमच्या भागात 'बाग' हा शब्द एकटा आला की त्यात संत्रं असतंच. 'यंदा बाग फुटली नाही' म्हणजे संत्र्याला बहार आला नाही. 'बाग विकली' म्हणजे झाडावरचं फळ व्यापाऱ्याला दिलं. गुलाबांची किंवा लहान मुलांच्या घसरगुंडीची बाग ही वर्ध्याला गेल्यावर बघायची गोष्ट. तेव्हा अमृतसरच्या त्या बागेत दुसरं काय असणार? सर फळ्यावर चार भिंती काढायचे, आत जायची चिंचोळी गल्ली काढायचे, एका बाजूला विहीर काढायचे, आणि मग उरलेल्या सगळ्या जागेत हिरव्या खडूनं झाडं. ओळीनं, अठरा फुटांवर एक.

कुणी शंका काढलीच तर उत्तर तयार असे. "बुकात विहीर लिवली हाये का नाई? हाये. विहीर कायले असते? वलिताले. झाडंच नसन तं वलीत कायचं करतीन, भिंतीचं?" यावर कोण काय बोलणार? एप्रिल महिना म्हणून ते फळाचा आकारही सांगायचे. आंबिया बहाराचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलाचं, फळ त्या टायमाला लिंबाएवढं असतं.

सांगायला लाज वाटते, पण माझंही तेच मत झालं होतं. दरवर्षी पार्टिशनमधून तेच ऐकू आल्यावर दुसरं काय होणार? मी तर त्यावर उदाहरणही घालत असे. सात एकरांची बाग, अठरा बाय अठरा फुटांवर लागवड, तर एकूण झाडं किती? उत्तर येतं नऊशे एक्केचाळीस. सरांना मी ते कौतुकानं सांगितलं तर ते म्हणाले, "रस्त्याचे न् विहिरीचे सोडून द्या. नऊशे धरा." तेव्हापासून त्यांच्या वर्गात नऊशे हा आकडा सुरू झाला. म्हणजे त्या बागेत माझाही हात होता.

तिसऱ्या तासाला गोळीबार यायचा. इथं त्यांचा आवाज खाली येई आणि माझ्या वर्गातली मुलं बाकांसकट पार्टिशनकडे सरकत. गल्लीतून शिपाई येतात. जनरल हुकूम देतो. बाहेर पडायला दुसरी वाट नाही. सर थांबत. दोन्ही वर्ग थांबत. मग सर म्हणायचे, "पन पोट्टेहो, झाडं होते. दाट होते. समोरचे गेले. पन जो झाडाआड गेला, तो वाचला. लय वाचले." त्या 'लय वाचले'वर दोन्ही बाजूंची मुलं श्वास सोडत. मीसुद्धा.

परीक्षेत बागेचा आराखडा पाच मार्कांना यायचा. भिंती एक, गल्ली एक, विहीर एक, झाडं दोन. एकानं नारळाची झाडं काढली, त्याचा एक मार्क गेला. अल्लीपूरचा एक मुलगा मामाकडे राहून शिकत होता, त्यानं भिंती काढल्या, गल्ली काढली, विहीर काढली आणि बाकी सगळी जागा कोरी ठेवली. सरांनी त्याला उभं केलं. "हे काय हाये? हे तं पडीत हाये, बाग नाई!" दोन मार्क गेले. इतिहासात तो नेमका दोनच मार्कांनी नापास झाला आणि आठवीत राहिला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

सरांचा आणखी एक नियम होता आणि त्याचा आम्हा सहकाऱ्यांना फार ताप व्हायचा. चूक झाली की ती पाच वेळा बरोबर करून लिहायची, आणि ज्याच्यासमोर चूक केली त्याच्यासमोरच दुरुस्त करायची. हा नियम ते मुलांना लावत, आम्हाला लावत आणि स्वतःला सर्वांत जास्त लावत. एकदा वर्ध्याच्या स्टँडवर त्यांनी अल्लीपूरला जाणाऱ्या एका म्हातारीला हात धरून समुद्रपूरच्या बसमध्ये बसवून दिलं. बस गेल्यावर लक्षात आलं. दुसरा कुणी असता तर इकडंतिकडं बघून सटकला असता. सर पुढच्या बसनं समुद्रपूरला गेले, म्हातारीला शोधून काढलं आणि पोचवायला स्वतः अल्लीपूरपर्यंत गेले. म्हातारी सबंध वाटेत त्यांना शिव्या देत होती आणि सर मान डोलावून प्रत्येक शिवीला "बराबर हाये, माय" म्हणत होते. हे त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, फार समाधानानं.

निवृत्तीला पाचएक महिने उरले असताना, दिवाळीच्या सुट्टीत, आमच्या स्टाफची वैष्णोदेवीची सहल ठरली. सर म्हणाले, "मी येतो, पन देवीले नाई. मले बाग पाह्याची हाये. सत्तावीस वर्सं शिकवून राह्यलो, एक डाव पाहून तं घेऊ." त्यांना एकटं सोडायची कुणाची हिंमत नव्हती. चिठ्ठ्या न टाकताच माझं नाव निघालं. देवीचं दर्शन हुकलं म्हणून माझी बायको पुढं वर्षभर मला ऐकवत होती.

नागपूरच्या स्टेशनवर सर आले ते तेलाच्या रिकाम्या डब्यात एक कलम घेऊन. रोहण्याच्या बागेतलं संत्र्याचं कलम, गुडघ्याएवढं, बुडाशी ओलं पोतं बांधलेलं.

"हे कशाला, सर?"

"इतक्या जुन्या बागेत झाडं काय सगळे राह्यले असतीन का? मधात मधात मेले असतीन. एकतरी नांगी भरून येऊ."

मेलेल्या झाडाच्या जागी नवं लावणं याला आमच्याकडे नांगी भरणं म्हणतात. अमृतसरच्या बागेची नांगी भरायला निघालेला हा माणूस बर्थवर कलमाला भिंतीकडे आणि स्वतःला कडेला ठेवून झोपला. इटारसीला त्यानं कलमाला पाणी पाजलं, झांशीला पाजलं आणि आग्र्याला एका फौजी जवानानं "अंकल, ये क्या है?" विचारल्यावर मथुरेपर्यंत त्याला संत्र्यावरचे रोग सांगितले. जवान भोपाळपासून सहलीतल्या बायकांना आपली खालची सीट देऊन वर बसला होता. मथुरेनंतर तो वरून उतरलाच नाही.

बाकीची मंडळी जम्मूकडे गेली. आम्ही दोघं आणि कलम जालंधरला उतरलो आणि बसनं अमृतसर गाठलं. गुरुद्वाऱ्याच्या सराईत खोली मिळाली. सरांनी माझा रुमाल डोक्याला बांधला, लंगरमध्ये जेवले आणि वाढणाऱ्याला हात जोडून म्हणाले, "हमारे तरफ का चावल इससे मोटा रह्यता, लेकिन दाल एक नंबर है." बाहेर गाडीवर संत्र्यासारखं दिसणारं तिथलं फळ होतं. सरांनी एक सोललं, एक फोड खाल्ली आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे संत्रं नाई. सोंग हाये."

दुपार कलली होती. बाग समोरच होती, पण सर म्हणाले, प्रवासाच्या अंगानं तिथं जायचं नाही, सकाळी आंघोळ करून जाऊ. आज शहरातली ती दुसरी गल्ली बघू. गोळीबारानंतरच्या दिवसांत तिथल्या एका गल्लीत गोऱ्या सरकारनं पहारा बसवला होता आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला पोटावर सरपटत जायला लावलं होतं. सरांनी हे कुठंतरी वाचलेलं होतं. आम्ही कापडबाजारात विचारत विचारत निघालो. तीन जणांनी तीन दिशा दाखवल्या. शेवटी एका कापडवाल्यानं गादीवरून उठून, चप्पल घालून, आम्हाला तोंडापर्यंत नेऊन सोडलं.

साधी गल्ली होती. पाटी असेल तर आम्हाला दिसली नाही. दोन्ही बाजूंना घरं, वर तारांची गुंतागुंत, एका दारात स्कूटर. सर मधोमध उभे राहिले. बुशशर्ट खाली ओढून नीट केला. कलमाचा डबा माझ्याकडे दिला, मग परत घेतला आणि छातीशी धरला. मग मान ताठ करून, पी.टी.च्या मास्तरसारखे पाय टाकत, गल्लीच्या त्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले. पुन्हा गेले.

"सर, काय चाललंय?"

"पाच डाव. इथं मानसाले सरपटवलं. इथंच दुरुस्ती. चला, तुमीबी."

मी इकडंतिकडं बघितलं. एका माणसानं स्कूटर पुसायची थांबवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी चाललो. चौथ्या फेरीला वरच्या सज्जातून एका वयस्क बाईनं विचारलं, "किसका घर ढूँढ रहे हो, भाईसाहब?"

"घर नहीं ढूंढ रहे, बाईजी," सर न थांबता म्हणाले. "सीधा चल के देख रहे."

बाईनं सज्जातून वाकून डब्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चल लो, चल लो. फिर पानी पीके जाना." पाचवी फेरी झाल्यावर आम्ही तिच्या उंबऱ्यात बसून पाणी प्यालो. खरं सांगतो, पाचव्या फेरीला माझी मान आपोआप ताठ झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी थंड पाण्यानं आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, खिशात वही, लाल पेन आणि हातात कलमाचा डबा घेतला. बागेत जायची ती चिंचोळी वाट आली तेव्हा त्यांनी डबा खाली ठेवून, दोन्ही हात पसरून रुंदी बघितली आणि वहीत बरोबरची खूण केली. "गल्ली बराबर शिकवली मी." आत गेल्यावर भिंती. खूण. भिंतीवर गोळ्यांच्या खुणा चौकोन आखून दाखवलेल्या होत्या. तिथं ते वही न काढता नुसते उभे राहिले आणि एका भोकाजवळ बोट नेऊन, न लावता, मागं घेतलं. मग विहीर. खूण. विहिरीत मात्र त्यांनी वाकून पाहिलं नाही. ज्योतीच्या आकाराच्या उंच दगडी स्मारकाला त्यांनी चप्पल काढून नमस्कार केला.

मग ते झाडं शोधू लागले.

हिरवळ होती. कातरलेली झुडपं होती. कडेला काही झाडं होती, पण संत्र्याचं एकही नव्हतं, आणि ओळी तर नव्हत्याच. शाळेच्या सहली आल्या होत्या, फोटो काढणं चाललं होतं. सर दोन ठिकाणी खाली बसून माती बघून आले. शेवटी बाकावर बसलेल्या एका वृद्ध सरदारजींपाशी गेले. ते रोज सकाळी तिथं येऊन बसत असावेत.

"सरदारजी, संतरे का बगीचा किधर है?"

"कौन-सा बगीचा?"

"इधरका. पुराना. नऊसो झाड का."

सरदारजींनी त्यांच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. "बाग तो नाम का था जी. खाली ज़मीन थी. मेरे पिताजी बताते थे, दो-चार पेड़ होंगे इधर-उधर."

"तोडे कब?"

"तोड़े नहीं जी. थे ही नहीं."

"लेकिन कुआ है ना," सर म्हणाले. हा त्यांचा शेवटचा पुरावा होता.

"कुआ तो था," सरदारजी म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

मला आधी हसू आलं, हे कबूल करतो. नऊशे झाडं एका वाक्यात गेली होती आणि हा माणूस तेलाचा डबा घेऊन उभा होता. स्टाफरूममध्ये हे कसं सांगायचं याची मी मनातल्या मनात जुळवाजुळवही केली. सर तिथून निघाले आणि जिथून गोळ्या झाडल्या ती जागा दाखवली आहे, तिथं जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेलो. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"इथून ते भिंत दिसते, सर," ते म्हणाले.

"हो."

"सगळंच दिसते. मधात काईच नाई येत."

त्यांच्या फळ्यावरच्या आराखड्यात तिथून समोरची भिंत कधीच दिसली नव्हती. माझं हसू तिथंच थांबलं.

त्यांनी वही मिटून खिशात घातली. बाहेर आल्यावर डब्याकडे बघून म्हणाले, "आता हे कुठं लावू?" आत लावायची परवानगी मिळालीही नसती, पण त्यांनी विचारलंच नाही. आम्ही पुन्हा त्या गल्लीत गेलो. सज्जातल्या बाईनं कलम ठेवून घेतलं, गच्चीवरच्या कुंडीत लावीन म्हणाली. सरांनी तिला पाणी किती, खत किती, ऊन कुठून पाहिजे हे सगळं सांगितलं आणि वहीतला कागद फाडून लिहूनही दिलं. मराठीत. तिनंही तो कागद कपाळाला लावून घेतला.

परतीच्या गाडीत ते खिडकीपाशी बसून होते. दिल्लीच्या अलीकडे कुठंतरी अचानक म्हणाले, "मंग लपले कशाच्या आड?"

"कोण?"

"लोक."

मी म्हटलं, काहींनी विहिरीत उड्या टाकल्या.

"ते लपनं होय का, सर?" ते म्हणाले. 

शाळा सुरू झाल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी हेडसरांना गाठलं. सत्तावीस वर्षांच्या आठवीच्या सगळ्या मुलांना दुरुस्ती कळवायची आहे, पत्ते पाहिजेत, जनरल रजिस्टर काढा. हेडसर हादरले. "सर, चार महिन्यांनी तुमचा निरोप समारंभ हाये. हार घेजा, घरी जाजा. कोनाले आठवते? राहू द्या ना झाडं!"

"कसे राहू देऊ? नव्हतेच तं."

"पन त्यानं कोनाचं काय बिगडते?"

"एक पोट्टा नापास केला मी," सर म्हणाले. "बराबर काढलं म्हनून."

मग पोस्टकार्डं सुरू झाली. मजकूर एकच. 'अनेक आशीर्वाद. इयत्ता आठवीत मी आपणांस जालियनवाला बागेत संत्र्याची नऊशे झाडे होती असे शिकविले. ती माझी चूक होती. तेथे मोकळे मैदान होते. कृपया दुरुस्ती करून घ्यावी.' खाली सही, लाल शाईनं. 'नऊशे' हा आकडा माझा असल्यामुळे निम्मी कार्डं मला लिहावी लागली. उत्तरं आली, आणि स्टाफरूमला दोन महिने करमणूक झाली. एस.टी.त कंडक्टर झालेल्या एकानं कळवलं, 'दुरुस्ती करून घेतली आहे, आपली तब्येत कशी आहे?' एकीनं सासरहून लिहिलं की तिनं हे आपल्या मुलालाही तसंच शिकवलं होतं, आता तो तिचं काहीच ऐकत नाही. नागपूरला पोलिसात असलेल्या एकाला पत्र वाचून वाटलं सरांवर काही केस झाली आहे. तो वर्दीतच येऊन धडकला. नारळवाल्यानं विचारलं होतं की मग माझा एक मार्क परत मिळेल काय. सरांनी त्याला उलट टपाली कळवलं: 'नाही. नारळही नव्हते.'

अल्लीपूरवाल्याला मात्र कार्ड गेलं नाही. "त्याच्यासमोर जा लागते," सर म्हणाले आणि एका रविवारी मला घेऊन निघाले. बसमध्ये ते चार वेळा म्हणाले, "त्याचं वर्स खाल्लं मी." अल्लीपूरला त्याचं बी-बियाणांचं, खतांचं दुकान होतं, चांगलं चाललेलं. सरांना पाहून तो गल्ल्यावरून उठला, पाया पडला, खुर्ची दिली. सर बसले नाहीत. उभ्यानंच, दुकानात चार गिऱ्हाइकं असताना, म्हणाले, "तू बराबर होता. झाडं नव्हते. मी चुकलो. तुले दोन मार्क कमी देल्ले, तू पास होता."

तो गोंधळला. त्याला आठवायला वेळ लागला. मग एकदम हसायला लागला. "सर, मले काय मालूम झाडं होते का नव्हते! मले झाडच काढता येत नव्हतं. आजबी नाई येत."

"म्हनून तू कोरं ठेवलं?"

"हो ना! आन् नापास झालो तेच बरं झालं. मांगच्या वर्गातल्या पोट्ट्यासंगं बसलो, त्याच्याच बहिनीसंगं लगन झालं. चहा घेता ना, सर?"

गिऱ्हाइकं हसली, मी हसलो, आतून चहा आणणारी त्याची बायकोही हसली. सरांनी चहा घेतला. पण वहीतून, शाळेच्या कपाटातून शोधून आणलेली त्याची जुनी गुणपत्रिका काढून, दोन मार्क लाल शाईनं वाढवून, सही करून ती त्याच्या हातात दिल्याशिवाय उठले नाहीत. त्यानं ती देवाच्या फोटोमागं खोचली. मला वाटलं, झालं, संपलं एकदाचं.

संपलं नव्हतं, हे मला पार्टिशनमधून कळत गेलं. त्या वर्षीच्या आठवीला बाग अजून शिकवायची होती. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. सरांनी असहकार शिकवला, मिठाचा सत्याग्रह शिकवला, चले जाव शिकवलं, आणि बागेकडे काही वळेनात. मुलं मागची पानं उलटून विचारत, "सर, हे राह्यलं." सर म्हणत, "होईन, होईन." सत्तावीस वर्षांच्या मुलांना पत्र लिहिणारा माणूस समोर बसलेल्या चाळीस मुलांना टाळत होता. शेवटी एका मधल्या सुट्टीत मी चिडून विचारलं, "सर, सगळ्या जगाला दुरुस्ती कळवली. मग यांना सांगायला काय होतं?"

"त्याईले कळवनं सोपं होतं," ते म्हणाले. "ते मोठे झाले, सर. बायकापोरं झाले. त्याईनं कार्ड वाचलं न् ठेवलं." मग म्हणाले, "सत्तावीस वर्सं मी त्या लोकाईले झाडाआड घालून वाचवलं. दरसाल. पोट्टे खुश होऊन घरी जात. आता वर्गात जाऊन त्याईले मलेच माराचं हाये. हात नाई चालत."

 या माणसाची मी इतकी वर्षं गंमत केली, हे मला त्या क्षणी फार लागलं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, त्यांच्या निवृत्तीच्या तीन दिवस आधी, त्यांनी तो तास घेतला. मी इकडे समीकरणं सोडवत होतो. पलीकडून खडूचा आवाज आला. चार भिंती. गल्ली. विहीर. मग खडू थांबला.

"सर, झाडं राह्यले!" चार-पाच मुलं एकदम ओरडली. थोरल्या भावाबहिणींच्या वह्या सगळ्यांनी बघितलेल्या होत्या.

"झाडं नव्हते," सर म्हणाले. "मी इतके वर्सं सांगत होतो, ते चूक होतं. तिथं मोकळं रान होतं."

वर्गात थोडी कुजबुज झाली. सरांनी पुढं सांगायला सुरुवात केली. शिपाई आले. हुकूम झाला. वाट एकच होती आणि तिच्यात शिपाई होते. माझी मुलं बाकांसकट पार्टिशनकडे सरकली होती आणि मी त्यांना परत बोलावलं नाही.

तेवढ्यात पलीकडून एका मुलीचा आवाज आला. "मंग सर, लोक लपले कशाच्या आड?"

 घंटा व्हावी असं मला इतकं मनापासून कधी वाटलं नव्हतं. घंटेला वीस मिनिटं होती.

"एकमेकाईच्या," सर म्हणाले.

माझ्या वर्गातल्या, पार्टिशनलगतच्या बाकांवरच्या मुलांनी ते ऐकलं आणि ती माना खाली घालून बसली. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं. "सर, काय म्हनले ते?" एकानं मला विचारलं. मग दुसऱ्यानंही विचारलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी खडू खाली ठेवला, आणि ते उत्तर माझ्या तोंडानं त्यांना सांगितलं.